रिकामा हायस का?

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर परवापासून एक मुलगी फेऱ्या मारते आहे. दुपारी उन्हं कलली की ती येते. एका हातात पुस्तक, दुसरा हात हवेत. पाण्याच्या टाकीपासून डिश अँटेनांच्या रांगेपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. मध्येच थांबून आभाळाकडे बघते आणि ओठ हलवते. देवाचं काही करत नसावी, सूत्रं पाठ करत असावी. मी घरून काम करतो आणि माझी खिडकी तिच्या गच्चीसमोर येते, त्यामुळे माझ्या मीटिंगांबरोबर तिच्या परीक्षेचीही मला काळजी लागून राहिली आहे. काल बायकोला म्हटलं, "पीएल लागली वाटतं." बायको कॉमर्सची. तिने विचारलं, "काय लागलं?" मी समजावून सांगायला लागलो तेव्हा तिने कुकर लावायचा आहे असं सांगितलं.

पीएल म्हणजे प्रिपरेशन लीव्ह. दिवाळी संपते, डब्यात तळाला सादळलेला चिवडा आणि चकल्यांचा चुरा उरतो, आकाशकंदील उतरवायचा कुणाला आठवत नाही, आणि इंजिनीअरिंगच्या पोरांना परीक्षेआधीची सुट्टी लागते. सुट्टी म्हणायची आपली रीत. त्या दिवसांत कुणाचा चेहरा सुट्टी लागल्यासारखा दिसत नाही. दाढ्या वाढतात. झेरॉक्सच्या दुकानात रांगा लागतात आणि आतून गरम कागदाचा वास येतो. तो वास मला आजही आला की हात सुट्ट्या पैशांसाठी खिशात जातो. नोकरीला इतकी वर्षं झाली, पण हाताला अजून कुणी कळवलेलं नाही.

आमच्या वेळचं मिरा रोड त्या दिवसांत दुपारी तापायचं आणि संध्याकाळी एकदम नरम पडायचं. खाडीवरून वारा सुटायचा. त्याला मिठागरांच्या चिखलाचा वास असायचा, खारट, थोडा कुबट, पण सवय झाल्यावर घरचा वाटणारा. इमारतींच्या मध्ये अजून मोकळे प्लॉट होते, त्यांत पाणी साठायचं, उंच गवत उभं असायचं, आणि दिवेलागणीला त्यातून डासांची फौज निघायची. आम्ही गिरगावातली एक खोली सोडून इथे आलो होतो. बाबा म्हणायचे, मोकळ्या हवेसाठी आलो. हवा मिळाली. पाणी राहिलं.

पाणी आणायचा जयेश. म्हणजे जयेशच्या घरचा टँकर. जयेश माझ्याच कॉलेजात, मेकॅनिकललाच, माझ्या एक वर्ष पुढे. घर घोडबंदरला, खाडीच्या अंगाला. त्यांची पूर्वी भातशेती होती, मिठागरात वाटा होता. आता शेताच्या जागी इमारती उभ्या होत्या. उरली होती एक विहीर, आणि त्या विहिरीच्या जिवावर एक टँकर. शिवप्रसाद नावाचा ड्रायव्हर तो चालवायचा आणि जयेश बरोबर असायचा. पाइप जोडायचा, शिडी चढून झाकण उघडायचं, आमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी पडायला लागलं की खालूनच मान वर करून ओरडायचं, "मंदार! रिकामा हायस का?"

आईला हा शब्द अजिबात खपायचा नाही. ती खिडकीतून उत्तर द्यायची, "रिकामा नाहीये तो, अभ्यास करतोय!" मग आत वळून मला, "रिकामा काय रिकामा? रिकामटेकड्यांसारखं?" ती दिवसभर ऑफिस करायची, जाता-येता भाजी आणायची, रात्रीच्या पोळ्या करताना सकाळचा डबा मनात भरायची. तिच्या लेखी रिकामं असणं म्हणजे काहीतरी राहून गेल्याची खूण होती.

आपल्या भाषेत मोकळ्या वेळाला शब्द पुष्कळ, पण एकही साधा नाही. सवड असत नाही, ती काढावी लागते. उसंत शब्दाचं वाक्य नेहमी 'मिळत नाही' असंच होतं. फुरसत दुसऱ्यालाच असते, आणि फावल्या वेळात जे करायचं ते काम तरी उपयोगाचं असावं लागतं. माणूस नुसता मोकळा असू शकतो हे आमच्या घरात कुणी कधी कबूल केलं नाही. जयेशच्या तोंडी मात्र रिकामा शब्दाला तो डंख नव्हता. त्याच्याकडे टँकरसुद्धा भरलेला जायचा आणि रिकामा यायचा. त्यात लाजण्यासारखं काय होतं?

एकदा मी त्याच्याबरोबर परतीच्या खेपेला घोडबंदरपर्यंत गेलो. भरलेला टँकर गुपचूप चालतो, रिकामा खडखडत. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, इथे तर पाणीच नव्हतं. त्या आवाजात जयेश मांडीवर वही घेऊन मोठमोठ्याने इंटिग्रेशनची सूत्रं म्हणत होता. जाताना तो अभ्यास करायचा नाही, कारण जाताना डोक्यात पत्ते आणि पाइप असायचे. येताना करायचा. शिवप्रसाद स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून म्हणाला, "भैया, ये मंतर तो अब हमको भी याद हो गया. परीक्षा में हम ही बैठ जाएँ क्या?" जयेश म्हणाला, "बैठ जाओ शिवाभाई, मैं गाड़ी चलाता हूँ." आम्ही तिघेही हसलो. पण जयेश आधी थांबला.

कारण गाडी चालवण्याची गोष्ट चेष्टेची राहिली नव्हती. मे महिन्यात दोन गोष्टी एकदम होतात. नळाचं पाणी आटतं आणि युनिव्हर्सिटीची परीक्षा येते. टँकरचा सीझन तोच परीक्षेचा सीझन. आदल्या मे महिन्यात जयेश खेपा करून परीक्षेला गेला, आणि त्याचे दोन विषय राहिले, मॅथ्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स. एक राहिला असता तर पुढच्या वर्षात घेतलं असतं. दोन म्हटल्यावर ड्रॉप लागला. म्हणजे वर्षभर कॉलेज नाही, घरी बसून फक्त त्या दोन पेपरांचा अभ्यास. त्याच्या बाबांनी, आम्ही त्यांना काका म्हणायचो, तेव्हाच सांगून टाकलं, "दिवाळीनंतरच्या परीक्षेत दोन्ही सुटले तं जा कॉलेजात. एक जरी राहिला तं गाडी तुझी." कॉलेजचा नियम निदान एक विषय माफ करत होता. घरचा करत नव्हता.

त्यातून फ्लुइड मेकॅनिक्स म्हणजे पाण्याचा विषय. पाणी कसं वाहतं, पाइपात त्याचा दाब किती, याची गणितं. काकांना हे कळलं तेव्हा त्यांना राग यायच्या आधी आश्चर्यच वाटलं होतं. "आपण पानीच विकतो ना रे? आनि तू पान्यात नापास?" गावात हा विनोद बरेच दिवस चालला. जयेश खाली मान घालून ऐकायचा.

ड्रॉप लागलेल्या मुलाची एक गंमत असते. तिला गंमत म्हणायचं म्हणून म्हणतो. कागदावर त्याच्याइतका वेळ कुणाकडे नसतो, आणि नेमका म्हणूनच त्याला वेळ मिळत नाही. घरी आहे ना, मग विजेचं बिल भर. घरी आहे ना, मग मावशीला दवाखान्यात ने. सकाळची खेप, दुपारची खेप, कुणाच्या हळदीला मंडपाचे बांबू. जयेश म्हणायचा, "कॉलेज होतं तवा निदान लेक्चरला तरी बसायला मिलायचं." लेक्चरला बसण्याची आठवण काढून हळवा होणारा इंजिनीअरिंगचा दुसरा विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही.

इकडे माझी पीएलच्या आधीची धांदल चालू होती, सबमिशनची. मशीन ड्रॉइंगची शीटं द्यायची होती. आता शीट काढतो कोण? आम्ही जीटी मारायचो, ग्लास ट्रेसिंग. घराच्या सरकत्या खिडकीची एक काच उचकटून काढायची, दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, खाली टेबललॅम्प, वर सीनियरचं शीट, त्यावर आपला कोरा कागद. खालून रेषा उजळतात, वरून आपण पेन्सिल फिरवायची. डोकं वापरायचं नाही, हा त्यातला मुख्य नियम. माझ्याकडे जयेशचं गेल्या वर्षीचं शीट होतं, एका बेअरिंगचं. मी निष्ठेने उतरवलं. माझ्यावरून आणखी दोघांनी, त्यांच्यावरून अर्ध्या बॅचने.

सबमिशनला सर माझ्या शीटवर बोट ठेवून म्हणाले, "हे भोक कसलं?" बेअरिंगच्या खांद्यावर एक बारीक काळं वर्तुळ होतं. मी ठोकून दिलं, "सर, ऑइल होल." सरांनी पुढच्याला विचारलं. ऑइल होल. त्याच्या पुढच्याला. ऑइल होल. सर म्हणाले, "या जागी तेल सोडलं तर ते कुठे जाईल माहीत आहे का? कामगाराच्या पायावर. मूळ शीट आणा." मी जयेशचं शीट दिलं. सरांनी ते खिडकीशी धरलं, नखाने वर्तुळ खरवडलं. एक पाय निघाला, मग पंखाचा तुकडा. घोडबंदरच्या खाडीवरचा डास होता. जयेशने शीट काढता काढता मारलेला. अर्ध्या बॅचने त्याला इंजिनीअरिंगचा भाग करून टाकला होता.

सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसून त्यांनी ते शीट पुन्हा पाहिलं, या वेळी सावकाश. "हे एकटंच काढलेलं आहे," ते म्हणाले, "बाकी सगळी उतरवलेली. रेघ बघा याची. कुठे असतो हा मुलगा?" मी म्हटलं, "सर, ड्रॉप लागलाय." शीट गुंडाळून त्यांनी माझ्या हातात परत दिलं.

संध्याकाळी जयेश टँकर घेऊन आला तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. डासावर तो इतका हसला की पाइप हातातून सुटला आणि माझे पाय भिजले. सरांचं वाक्य सांगितल्यावर मात्र त्याने पाइप उचलून परत टाकीत सोडला. म्हणाला, "ते शीट म्हंजे माझा टाइमपास होता रे. चार रेघा मारल्या की डोकं थंड व्हायचं. तवा गनितं केली असती तं आज कॉलेजात असतो." त्याच्याकडे आयुष्यात मोकळा म्हणावा असा जो वेळ होता तो त्याने त्या शीटवर घालवला होता, आणि आता त्याला तो घालवल्याचाच पस्तावा होत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "चहा घेतोस?"

पीएल लागली आणि शिवप्रसाद छठपूजेला गावी गेला. जाताना आठवड्यात येतो म्हणाला. आठवडा झाला, मग तिथे कुणाचं तरी लग्न निघालं, आणि त्याचा फोन लागेना. टँकर आता काका स्वतः चालवायला लागले. त्यांचे गुडघे दुखायचे, क्लच दाबताना तोंड वाकडं व्हायचं. शिडी चढणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून प्रत्येक खेपेला जयेश हवाच. परीक्षा तोंडावर आणि हा दिवसभर गाडीवर. आमच्यात मिस कॉलची भाषा होती. एक मिस कॉल म्हणजे टँकर आमच्याकडे निघाला, दोन म्हणजे मी वर येतोय, पुस्तक काढून ठेव. टाकी भरेपर्यंतचा तेवढाच वेळ त्याचा. तो गच्चीवर यायचा, टाकीच्या सावलीत बसायचा, मी सोडवून ठेवलेली गणितं बघायचा, आणि खालून हॉर्न वाजला की अर्ध्या गणितावरून उठून जायचा. मला वाटायचं, हॉर्न जरा उशिरा वाजावा. कधी नव्हे ते आमच्या सोसायटीची टाकी मोठी असावी असं वाटायचं.

एका दुपारी तो वर आला, वही उघडली, पेन हातात घेतलं, आणि मी खालून पाण्याची बाटली घेऊन येईपर्यंत झोपला होता. भिंतीला टेकून, तोंड उघडं, पेन बोटांत तसंच. पायाला चिखल. मी त्याला हाक मारणार तोच खालून हॉर्न झाला. एकदा, दोनदा. मग थांबला. थोड्या वेळाने खाली आमच्या दाराची बेल वाजली, तशी मी जिन्यात आलो.

आईची त्या दिवशी सुट्टी होती. दारात काका. "वहिनी, पोऱ्या वरती हाय का?"

हॉर्न थांबल्यावर आई गच्चीवर पापड काढायला येऊन गेली होती. तिने त्याला झोपलेलं पाहिलं होतं. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो, आणि मला खात्री होती की ती आता म्हणणार, हो, घोरतोय वरती. आई म्हणाली, "आहे की. अभ्यास चाललाय त्याचा." वर आणखी, "फार मन लावून करतोय." माझ्या आईला खोटं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यातही ती सरळ काकांच्या डोळ्यांत बघून बोलली.

पण काका ऐकून थांबले नाहीत. कठडा धरून एकेक पायरी चढत वर आले. मी मागे मागे. गच्चीच्या दारात ते उभे राहिले. आता हा उठवणार, शिव्या घालणार, सगळी बिल्डिंग ऐकणार, असं मनात येऊन मी घाबरलो. काकांनी जयेशकडे बघितलं. मग त्याच्या मांडीवरच्या वहीकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. मुलगा झोपलेला असताना त्याला असं उजेडात नीट पाहायची वेळ त्यांच्यावर कित्येक वर्षांत आली नसावी.

"जेवला का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"माहीत नाही, काका."

"पानी सुटलंय खाली, टाकी भरली." हे त्यांनी का सांगितलं मला कळलं नाही. मग म्हणाले, "उठवू नको. आपसुक उठला तं सांग, बाबा फुडं गेले."

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. त्यांनी पाइप स्वतः गुंडाळला. मग शिडीची पहिली पायरी धरली, दुखरा पाय आधी वर घेतला, थांबले, दुसरा पाय घेतला. वरपर्यंत गेले, झाकण लावलं, तसेच उलटे उतरले. टँकर खडखडत निघून गेला. आई माझ्या शेजारी येऊन कधी उभी राहिली कळलं नव्हतं. पापडांच्या जागेवर ती बसली, जयेशच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून दोरीवरची चादर जरा सरकवली, आणि तशीच बसून राहिली. तिच्या हातात निवडायला भाजी नव्हती, विणायला काही नव्हतं. मी इतकी वर्षं तिला पाहत होतो, पण नुसतं बसलेलं त्या दिवशी पाहिलं.

जयेश संध्याकाळी उठला तो दचकून. "बाबा?" मी सांगितलं. त्याने वही ओढून घेतली आणि अंधार पडून अक्षर दिसेनासं होईपर्यंत मान वर केली नाही.

आमच्या कंपनीत हल्ली कामाचा आणि आयुष्याचा तोल कसा साधावा यावर व्याख्यानं होतात. स्क्रीनवर तराजूचं चित्र असतं. आपल्या वेळेचं नियोजन आपणच करायला शिका, नाही म्हणायला शिका, स्वतःसाठी सवड काढा. बोलणारी माणसं चांगली असतात, मी कॅमेरा बंद करून ऐकतो. पण दर वेळी मला वाटतं, हे तराजूबद्दल अर्धंच सांगतायत. कुणाचा तोल एकट्याने सांभाळलेला मी पाहिलेला नाही. मी पीएलमध्ये गच्चीवर निवांत फेऱ्या मारायचो तेव्हा माझ्या वाटची भाजी, दूध, रांगा आई करत होती. त्यावर मी नियोजनाचं श्रेय घेऊन मोकळा. जयेशचं नियोजन माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्याचा भार उचलायला कुणी नव्हतं, इतकाच फरक होता. समोरच्या गच्चीवरच्या मुलीच्या घरी आत्ता कोण काय उचलतंय, कुणास ठाऊक.

त्या दुपारनंतरही खेपा चालूच राहिल्या, जयेश शिडी चढतच राहिला. काका फक्त हॉर्न उशिरा द्यायला लागले. परीक्षा झाली.

रिझल्ट लागला तेव्हा जयेशने बोर्डावर स्वतःचा नंबर बघायला मला पुढे पाठवलं. मॅथ्स सुटला होता. फ्लुइड मेकॅनिक्स राहिला होता. कॉलेजच्या हिशेबाने तो पुढच्या वर्षात गेला. घरच्या हिशेबाने गेला नव्हता. घोडबंदरच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत राहिला. शिवप्रसाद परत आलेला नव्हताच. मी वाटेत मनातल्या मनात काकांशी भांडण जुळवत होतो. एका विषयाची सवलत खुद्द युनिव्हर्सिटी देते, मग तुम्ही कोण, वगैरे.

काका विहिरीवर होते. पंप चालू होता, टँकर भरत होता. जयेश मागेच थांबला, म्हणून मीच म्हणालो, "काका, मॅथ्स सुटला."

"आनि पान्याचा?"

"राहिला."

काकांनी पंप बंद केला. एकदम शांत झालं. खांद्यावरच्या पंच्याला त्यांनी हात पुसले, एकेक बोट पुसलं. मी जुळवलेलं भांडण पार विसरलो.

जयेशच बोलला. "बाबा, उद्यापासून पुऱ्या खेपांना येतो मी. कॉलेज राहू दे."

"अर्धा टाइम गाडीला दिलास," काका म्हणाले, "अर्धा पुस्तकाला. अर्धा पास झालास. मंग त्यात चुकलं कं?" त्यांनी हात पुढे केला. "आता पुस्तकाला पुरा टाइम देऊन बग. पंपाची चावी दे इकडं."

पंपाच्या खोलीची चावी जयेशच्या खिशात असायची. पहाटेचा टँकर भरायचं काम त्याचं होतं. त्याने ती काढली, काकांच्या हातावर ठेवली, आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसून ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. मला कुठे बघावं कळेना. काकांनी त्याच्याकडे पाठ केली, आत जाऊन पंप परत चालू केला. टँकर केव्हाच भरला होता. पाणी झाकणावरून वाहून खाली जायला लागलं तरी त्यांनी पंप बंद केला नाही. त्या पंपाच्या आवाजात माणसाचं रडणं ऐकू येत नाही.